कोकरू घेताना मेंढी बघावी

आटपाडीच्या बाजारात मेंढरांच्या आवारात सुलाबाई शिरली, की व्यापारी एकमेकांना डोळ्यांनी खुणावत. सत्तरीची बाई, नऊवारीचा कासोटा, मोकळं कपाळ आणि हातात काठी. काठी टेकायला नव्हती, वाटेत येणाऱ्याला बाजूला सारायला होती. शाळेचं तोंड तिनं दुसरीपर्यंतच बघितलेलं. सही करायची वेळ आली तर 'सुलाबाई' एवढंच लिहायची, आणि कुणी आडनाव विचारलं तर म्हणायची, "तेवढ्यावर वळखत्यात मला."

त्या दिवशी शेजारच्या वस्तीवरच्या आकारामनं एक मेंढी जवळजवळ ठरवली होती. विकणारा ज्ञानू. आकाराम म्हणाला, "आजीला दाखवतो अन् मग बोलू," तसं ज्ञानूचं तोंड आंबट झालं.

सुलाबाईनं मेंढीची मान काखेत दाबली, अंगठा जबड्यात घातला, खालचा ओठ उलटा केला आणि मेंढीचं तोंड उन्हाकडं वळवलं.

"ज्ञानू, तुझ्या घरात कुनी सोनार हाय का रं?"

"न्हाई वं. का?"

"कानस लय सफाईनं चालवलीयास म्हणून इचारलं."

भोवतीची माणसं हसली. ज्ञानू पागोट्याखाली खाजवत म्हणाला, "चार दाती, तरणी हाय आजी, देवाशपथ."

"देवाला कशाला बाजारात आनतोस? दात घासशील रं, पर हिरडी कुटं लपवशील? ही म्हातारी माज्या बरुबरीची हाय. आकाराम, चल म्होरं."

"आजी, पोटावर मारू नगा गरिबाच्या!"

"गरीब ती मेंढी. कानस तिनं सोसली."

आवारात हशा पिकला आणि सुलाबाई मान ताठ ठेवून पुढं गेली. ही पारख तिला सासऱ्यानं दिलेली. त्याचा एकच नेम होता, आणि तो तिनं जन्मभर पाळला: कोकरू घेताना मेंढी बघावी. पिल्लू आज गोंडस दिसतं, पण पुढं ते कसं निघणार हे त्याची आई सांगते.

ह्याच नेमानं तिनं सूनही आणली होती. लेकासाठी, अर्जुनासाठी, पोरगी बघायला गेली तेव्हा पोहे हातात घ्यायच्या आधी म्हणाली होती, "पोरगी ऱ्हाऊ द्या. तिच्या आयला जरा भाईर बोलवा की." रंगुबाई, म्हणजे मायाची आई, पदराला हात पुसत बाहेर आली. पाठ सरळ, दात शाबूत, चेहरा तुकतुकीत. सुलाबाईनं दारातल्या उजेडात तिला नीट न्याहाळलं आणि तिथंच 'पसंत' म्हणून टाकलं. पुढं पंचवीस वर्षं ती ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आली. त्यावर रंगुबाईला काय वाटलं असेल, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

सून मात्र खरंच नामी निघाली. वस्तीवर शंभरावर मेंढरं होती आणि ती माया सांगेल तशी वागत. दिवस कलला की ती बांधावर उभी राही, ओठांचा चंबू पुढं काढी, 'फुर्र्र' असा थरथरता आवाज काढी आणि त्याच्या शेपटाला लांब शीळ ओढी. माळावर विखुरलेली मेंढरं एकदम माना वर करत. मग धूळ उठे आणि सगळा कळप तिच्या पायाशी येऊन आदळे. अर्जुनाची शीळ कुत्र्यालाही पटत नसे. चांदी नावाची एक म्हातारी मेंढी होती. तिची आई मेल्यावर मायानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती तर हाकेच्या आधीच, मायानं ओठ जुळवले की निघायची.

त्या हाकेनंच मायाच्या तोंडाभोवती रेघा पडल्या होत्या. उन्हावाऱ्यात चंबू करून करून वरच्या ओठावर उभ्या चुण्या, कोपऱ्यांत खोल घड्या. बाकीचा चेहरा चव्वेचाळीसचा आणि तोंड तेवढं साठीचं. माया आरशात बघायची ती कुंकवापुरती. त्याच्या खाली तिची नजर कधी उतरली नव्हती.

बाजारातून सुलाबाई घरी आली तेव्हा भाऊसो ओसरीवर बसला होता. हा पंचक्रोशीतली लग्नं जमवायचा. नात पल्लवी मलकापूरच्या एका पतसंस्थेत नोकरीला होती, शिकलेली, दिसायला देखणी, आणि तिचं कुठं जमत नव्हतं.

"वडूजकरांचं काय झालं रं?"

"पोरगी पसंत हाय म्हणत्यात."

"मग सुतक पडल्यावाणी का बसलास?"

भाऊसोनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "राग धरू नगा आजी. पोराच्या आजीचं म्हणणं पडलं, पोरगी आज नक्षत्रावाणी हाय, पर लेकी आयवर जात्यात. अन् आयचं तोंड आत्ताच खारकंवाणी... मी न्हाई म्हनालो, ती म्हनाली."

"तिचं सवताचं तोंड बघितलंस का? दळणाच्या पिशवीला नाडी आवळल्यावाणी हाय!"

"व्हय वं. पर ती पोराकडची हाय."

चुलीपुढं बसलेल्या मायानं हे ऐकलं. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही, फक्त पदर ओठांवर ओढून घेतला.

सुलाबाई त्या वडूजच्या बाईला आणखी दहा शिव्या देऊ शकली असती. पण ही बाई चुकली, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? नेम तर तिचाच होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

महिन्याभरानं भाऊसोनं सांगलीचं स्थळ आणलं. बाळासो मूळचे ह्याच भागातले. सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखात आयुष्य काढलं आणि आता सांगलीत बंगला बांधून राहिलेले. मुलगा जयराज धंदा सांभाळायचा. असं घर पुन्हा दारात यायचं नाही, हे सुलाबाईनं भाऊसोच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

पाहुणे आले. पल्लवी बसली, उठली, प्रश्नांना उत्तरं देऊन आत गेली. जयराजनं मोबाइलमधून डोकं वर काढून एकदा बघितलं आणि मान हलवली. मग त्याची आई, चंद्राबाई, गोड आवाजात म्हणाली, "विहीणबाईंना जरा बाहेर बोलवा की."

सुलाबाईनं मान वर केली. शब्द ओळखीचे होते.

माया बाहेर आली. चंद्राबाईनं तिला जवळ बसवलं, दोन बोटांनी हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं. मायाचे डोळे सासूकडं गेले. सुलाबाईनं नजर काढून घेतली आणि पाहुण्यांना म्हणाली, "च्या घ्या, गार हुईल."

निघताना चंद्राबाईनं सुलाबाईला गोठ्याच्या आडोशाला नेलं.

"आजी, पोरगी आमच्या घरात शोभंल. पर खरं सांगू? जयराजच्या मनात हाय, ही पन्नाशीत कशी दिसंल? अन् साखरपुड्याला सगळी सांगली येणार. फोटोत ह्या माझ्या शेजारी उभ्या ऱ्हाणार."

"मग काय करायचं म्हंता? तोंड काय लुगडं हाय व्हय, बदलायला?"

चंद्राबाई हसली. तेव्हा सुलाबाईच्या ध्यानात आलं, की ही बाई डोळ्यांनी हसते, गालांनी हसते, पण वरचा ओठ जागचा हलत नाही. तुकतुकीत, ताणलेला.

"मी बी करून घेतलंय. सांगलीत एक मॅडम हाय. तोंडाभवती सुया देती, आतनं औषध भरती, सुरकुत्या भरून निघत्यात. तासाभराचं काम." तिनं आवाज उतरवला. "आमच्या मालकांनी मला चारचौघांत न्यायचं बंद केलं हुतं. आता नेत्यात. साखरपुड्याच्या आदी विहीणबाईंचं तेवढं उरकून घ्या. खर्चाचं आमी बघतो. पोरीला सांगायची गरज न्हाई."

हुंड्याचं नाव कुणी काढलं नाही. बाळासो तर जाताना हात जोडून म्हणाले, "आमाला काय नको, फक्त पोरगी द्या." आणि सगळी वस्ती म्हणाली, माणसं किती थोर.

पल्लवी मलकापूरला परतल्यावर सुलाबाईनं विषय काढला. माया पहिल्यांदाच सासूला उलट बोलली. "मामी, माजं तोंड हाय तसं बरं हाय."

"तोंड तुजं असंल, लगीन पोरीचं हाय."

"सुया टोचून काय हुईल? मी म्हातारी हुयाची थांबनार हाय व्हय?"

"साखरपुड्यापत्तुर थांब. म्होरं काय हुयाचं ते हू दे."

 माया म्हणाली, "माज्या आयला बी तुमी उजेडात धरून बघितलं हुतं."

"बघितलं, अन् पसंत केलं! चुकलं का काय माजं?"

 अर्जुना बाहेर जाळीला गाठ मारत होता. मेंढरं घेऊन दुसऱ्याच्या रानात खतासाठी बसवायला तो निघाला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि गाठ आणखी घट्ट ओढली. आईपुढं बोलायची त्याला सवय नव्हती.

सांगलीतला तो दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. आत गार हवा, भिंतीवर गोऱ्या बायकांचे ओठ. मॅडमनं मायाच्या तोंडावर दिवा धरला आणि विचारलं, "ह्या सिगारेट ओढतात का? अशा रेषा स्मोकिंगनं येतात."

"मेंढरं हाकती ती," सुलाबाई म्हणाली. "तिच्या तोंडातनं धूर न्हाई निगत, वारा निगतो."

मॅडमला कळलं नाही. तिनं मलम लावलं, थोडा वेळ थांबली आणि सुई घेतली. मायानं सासूचा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून तिनं तो हात कधी धरला नव्हता.

पहिल्या सुया तिनं मुकाट सोसल्या. मग वरच्या ओठाच्या डाव्या बाजूला एक सुई गेली आणि ती एकदम आखडली. "मामी, आग व्हतीया. लय आग."

"सोस. बाळंतपनात वरडली न्हाईस अन् आता वरडतीस?"

पण सुलाबाई बघत होती. सुईच्या जागेपासून नाकाकडं कातडी पांढरी पडत चालली होती, चुना ओघळावा तशी. हा रंग तिच्या ओळखीचा होता. मेंढीचा ओठ उलटला आणि हिरडी अशी पांढरी निघाली, तर तिथं रक्त पोचत नाही, हे ती डोळे मिटून सांगायची. बाजारात असती तर ओरडली असती, "सोड ती मेंढी!" इथं मात्र पॉलिश केलेली फरशी होती, पांढरा कोट होता आणि तिच्या पायातल्या वहाणा बाहेर काढून ठेवायला लावल्या होत्या. आपण अडाणी दिसू, म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं.

मॅडमनं बर्फ दाबला. "असं होतं. दोन दिवसांत उतरेल."

एसटीत माया खिडकीला डोकं टेकून बसली. तासगाव मागं पडलं तेव्हा डोळ्यांतून आपोआप पाणी वाहत होतं. सुलाबाई म्हणाली, "पदर घे. माणसं बघत्यात."

दुसऱ्या दिवशी ओठ जांभळा झाला, जाळं पसरावं तसा. मग त्यावर खपल्या आल्या. सुलाबाईनं मॅडमला फोन लावायला लावला. मॅडम म्हणाली, सूज आहे. चंद्राबाईला लावला, ती म्हणाली, "माझं बी सुजलं हुतं. बोंब करू नगा. साखरपुडा जवळ आलाय, लोकांच्या कानावर गेलं तर कसं दिसंल?"

मग सुलाबाईनं आपल्या अकलेप्रमाणं उपाय केला. कोकरांच्या ओठांवर मावा येतो, तेव्हा अशाच खपल्या धरतात. हळद आणि गोडेतेल लावलं की आठवड्यात कोकरू दूध प्यायला लागतं. तिनं आतापर्यंत शेकडो कोकरं अशी बरी केली होती. ती म्हणाली, "मावाच हाय ह्यो," आणि रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या बोटानं सुनेच्या ओठावर हळद लावत राहिली. बोट हलकं होतं. जिव्हाळा होताच त्यात. पण हळदीखाली ओठ मरत होता.

अर्जुना मेंढरं बसवून परत आला. बायको ताट वाढताना तोंड फिरवते, हे त्याला दिसलं. त्यानं पदर बाजूला केला. वास आला. ओठाचा तुकडा कोळशासारखा काळा होता.

"आये," एवढंच तो बोलला. पण असं, की सुलाबाई भिंतीला टेकली. त्यानं बायकोला गाडीवर मागं बसवलं आणि मिरजेच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मागून भाऊसोच्या जीपमधून सुलाबाई गेली.

तिथली तरुण डॉक्टरीण फार बोलली नाही. औषध रक्ताच्या नळीत शिरलं, नळी बंद झाली, पुढचं मांस मेलं. "त्याच दिवशी आणलं असतं तर विरघळवता आलं असतं. सुया देणारी बाई डॉक्टर होती का?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं. बाजारात मेंढी घेताना सुलाबाई विकणाऱ्याची सात पिढ्यांची चौकशी करायची.

"आणि वर हे पिवळं काय लावलंय?"

"हळद," सुलाबाई म्हणाली. त्या दवाखान्यात ती बोललेला तो एकच शब्द.

पल्लवी मलकापूरहून धावत आली. सगळं कळल्यावर ती आजीपुढं उभी राहिली. "आज्जे, लगीन माझं हुतं ना? मग मला कुणी इचारलं?"

"तुज्या भल्यासाठनं..."

"माझं भलं आईच्या तोंडात सुया खुपसून हुणार हुतं?"

सुलाबाईनं हळदीनं पिवळं झालेलं बोट पदरात लपवलं.

माया घरी आली तेव्हा डाव्या बाजूचा वरचा ओठ अर्धा नव्हता. जखम आवळत जाऊन उरलेला भाग नाकाकडं ओढला गेला होता. दोन दात कायम उघडे. पाणी पिताना गळायचं. लेकीला हाक मारायला ती ओठ जुळवी आणि ते जुळत नसत. नुसतीच 'ल्लवी' ऐकू येई. स्वतःचं नावही तिला नीट घेता येत नव्हतं.

पहिल्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, ती कुणाला न सांगता बांधावर गेली. सुलाबाई ओसरीवरून बघत होती. मायानं चंबू करायचा प्रयत्न केला. ओठ डावीकडं फाटलेल्या पिशवीसारखा उघडा राहिला. वारा निघाला, आवाज नाही. तिनं बोटांनी ओठ धरून जुळवले, पुन्हा फुंकलं. लाळ हनुवटीवर आली. माळावर मेंढरं चरत राहिली. एकीनंही मान वर केली नाही. फक्त चांदी उभी होती, मायाच्या तोंडाकडं बघत, कधी निघायचं त्याची वाट बघत.

माया बांधावरच खाली बसली. सुलाबाई उठली नाही. 

साखरपुडा लांबल्याची चौकशी करायला बाळासो आणि चंद्राबाई पुन्हा आले, भाऊसोला घेऊन. माया पुढं आली तशी चंद्राबाईनं तोंडाला रुमाल लावला. खरंच हादरली होती ती. तिचा हात न कळत स्वतःच्या ओठाकडं गेला. पण बाळासोंनी घसा खाकरला आणि ती सावरली.

"हे तर आदीपरास वंगाळ झालं," बाळासो म्हणाले. "पर आमी शब्द मोडणारी माणसं न्हाई. साखरपुडा करू."

चंद्राबाईनं री ओढली. "फक्त विहीणबाईंनी पुढं यायला नको. आजारी हाईत म्हणून सांगू. आजी, विहिणीच्या जागी तुमी बसा. मान तुमचाच. अन् त्या मॅडमचं कुठं बोलू नगा, आमचं नाव उगंच यायचं."

अर्जुनानं मान खाली घातली. भाऊसो म्हणाला, "आजी, मोठ्या मनाची माणसं हाईत बगा. दुसरं कुनी आसतं तर..."

पल्लवी आईशेजारी जाऊन बसली. "आई न्हाई तितं मी न्हाई. तुमी जावा."

"अगं, लहान हायस तू," चंद्राबाई म्हणाली. "आजी, तुमी शान्या, जग बघितलेल्या. समजवा हिला. असं स्थळ..."

सुलाबाई उठली. काठी भिंतीला टेकून ठेवली. चंद्राबाईपुढं जाऊन बसली, दोन बोटांनी तिची हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं.

"उगडा."

"काय?"

"तोंड उगडा. दात बघू द्या. जयराज म्होरं कसा निघनार, ते त्याच्या आयवरनं कळंल की मला. कोकरू घेताना मेंढी बघावी, असा आमच्या घरचा नेम हाय."

"आजी, हे काय बोलणं झालं?" बाळासो उभे राहिले.

"का? लागलं व्हय? तुमच्या मंडळीनं माज्या सुनंला धरलं तवा तर तुमी च्या पीत हुता. अन् मी बी." सुलाबाईचा अंगठा चंद्राबाईच्या ताणलेल्या ओठावर होता. तिला खालून थरथर जाणवली. तिनं हात हलकेच काढून घेतला आणि आवाज उतरवला. "बाई, तुज्यावर बी कुनीतरी कानस मारलीय. तुला न्यायचं बंद केलं तवा तू म्हनायचं हुतंस, नगा नेऊ. पर ते मी तुला कुटल्या तोंडानं सांगू? जा. जा आता."

चंद्राबाईचे डोळे भरले. ओठ मात्र हलला नाही. ती काही बोलायच्या आत बाळासोंनी तिला दंडाला धरून गाडीत बसवलं.

पल्लवीनं सांगलीत जाऊन तक्रार दिली. सुया देणारी बाई डॉक्टर नव्हतीच, कसलासा शिकवणीचा कागद होता तिच्याकडं. बोर्ड उतरला. तिथं पाठवलं कुणी, हे सांगायला चंद्राबाई आली नाही. बोर्ड दुसऱ्या गल्लीत लागला असेल, नसेल. ज्या घरांत आईला उजेडात धरून बघतात, ती घरं तर जागच्या जागीच आहेत. वाचणाऱ्यानं आपल्या घराचा उंबरा आठवावा.

वस्तीवरच्या बायका महिनाभर हळहळल्या आणि मग म्हणू लागल्या, आता पोरीचं काय? पल्लवी मलकापूरला जाते, रविवारी येते. आजीशी बोलते, पण कामापुरतं. सुलाबाई त्याबद्दल कुणाकडं कुरकुरत नाही.

पुढं एका बाजाराच्या दिवशी ज्ञानूनं तिला गाठलं. पागोटं नवं, चेहरा खुशीत. "आजी, मेंढरांचं ऱ्हाऊ द्या आज. पोरासाठी पोरगी बघायला जायचंय, हितंच जवळ. तुमच्यावाणी पारख कुनाची न्हाई. पोरीची आय तेवढी नजरंखालनं घाला."

सुलाबाई म्हणाली, "येती. पर माज्या संगं माया यील."

"त्या?" ज्ञानू घुटमळला. "त्या कशाला वं, त्रास..."

"माया यील. पदर न घेता यील."

घरी येऊन तिनं मायाला विचारलं. हुकूम केला नाही, विचारलं. "येशील?"  माया उठली, केस विंचरले, कुंकू लावलं, आणि आज पहिल्यांदा आरशात कुंकवाच्या खाली नजर उतरवून नीट बघितलं. पदर खांद्यावर ठेवला.

त्या घरात पाहुण्यांची लगबग होती. पोहे आले, पोरगी येऊन गेली. ज्ञानूच्या बायकोनं गोड आवाज काढला, "पोरीच्या आयला जरा..."

आतल्या दारात एक बाई उभी होती. तोंडाला घाईघाईनं पावडर फासलेली, पदराचं टोक दातांत. माया उठली, तिच्याजवळ गेली आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसली, तोंड उजेडाकडं करून.  खोलीत पोह्याच्या बशा हातातच राहिल्या. त्या बाईनं मायाच्या ओठाकडं बघितलं, मग पदराचं टोक दातांतून सोडलं.

ज्ञानूनं घसा साफ केला. "काय म्हनता आजी? कशी हाय?"

"मेंढरू आनलं आसतंस तर बघितलं आसतं," सुलाबाई म्हणाली. "हितं सगळी माणसं हाईत. पोरगी पसंत हाय का, ते तुज्या पोराला इचार. अन् तो पसंत हाय का, ते तिला."

ते लग्न जमलं की मोडलं, हे सुलाबाईनं पुन्हा विचारलं नाही. पण असं दारोदार जाणं तिनं सोडलं नाही. कुठं बघायचा कार्यक्रम आहे असं कानावर आलं, की दोघी जातात. काही घरांत बसायला पाट मिळतो, काही घरांत कुत्रं सोडतात.

ज्ञानूबरोबर गेल्या त्या दिवशी घरी परतायला ऊन कललं होतं. माया बांधावर गेली. हल्ली ती पत्र्याच्या डब्यावर काठी बडवते. मेंढरं त्याला शिकली आहेत; जनावर लवकर शिकतं. डबा वाजला, धूळ उठली, कळप आला.

चांदी आली नाही. ती रोजच येत नाही. माळाच्या टोकाला उभी राहून मायाच्या तोंडाकडं बघत राहते आणि मग कुणीतरी जाऊन तिला आणावं लागतं. माया जायला निघाली, तसं सुलाबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं.

"बस तू. मी आनती."

आणि ती म्हातारी काठी टेकत माळावर चालू लागली.